शनिवारची केरी

महिन्याच्या पहिल्या रविवारी पुंडलिक गावस स्वतःच्या घराबाहेर मुद्दाम अडकून पडत असे. सकाळी चहाचा कप भरायचा, अर्धा प्यायचा, उरलेला मेजावर ठेवायचा, त्याच्या शेजारी घराची किल्ली ठेवायची, बाहेर यायचं आणि दार ओढून घ्यायचं. दाराला आपोआप बसणारं कुलूप होतं. मग वहाणा घालून शेजारी पाव भाजणाऱ्या पोदेराकडे जायचं आणि तिथे ठेवलेली दुसरी किल्ली मागायची. दार उघडलं आणि मेजावरचा चहा अजून कोमट असला, तर महिना बरा जाणार असं तो धरून चालायचा.

एकदा पोदेराचं सगळं घर लग्नाला म्हापशाला गेलं होतं आणि किल्ली त्यांच्या कपाटात कुलूपबंद. मी बाजारातून मासे घेऊन परतत होतो तेव्हा हा पायरीवर बसलेला. दुपारचे चार वाजले होते. पोटात अर्धा कप चहा. मला वाटलं, वैतागला असेल. तर चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद. "बरें जालें," म्हणाला, "आज कळलें. खऱ्या दिसा कळलें आसतें तर?" दुसऱ्या दिवशी त्याने तिसरी किल्ली करून माझ्याकडे आणून दिली. तेव्हापासून माझे पहिले रविवारही कामातून गेले.

आम्ही दोघं डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या कचेरीत होतो. माझ्याकडे प्रशासन. हा शब्द भारदस्त असला तरी त्यात रजेचे अर्ज, खुर्च्या, फिनेल आणि सगळ्यांच्या तक्रारी एवढंच येतं. गावस म्हणजे कंप्युटर विभाग. विभागात तो एकटाच होता, आणि तरी तो कागदावर सही करताना 'विभागातर्फे' असं लिहायचा.

त्याचा संसार वरच्या मजल्यावरच्या थंडगार खोलीत. तिथे तीन सर्व्हर होते, एकमेकांना वायरींनी बांधलेले. त्याला क्लस्टर म्हणतात. एकत्र कुटुंबातल्या तीन भावांसारखं ते प्रकरण असतं. एक आजारी पडला की त्याचं शेत उरलेले दोघं नांगरतात आणि शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही, असं त्याने मला समजावलं होतं. पुढची गोष्ट मात्र मला पचायला वर्ष लागलं. त्या तीन खऱ्या मशीनांच्या पोटात अकरा खोटी मशीनं चालत. खोटी म्हणजे हात लावायला काही नाही, पण पगार, वजनकाटा, प्रयोगशाळा सगळ्यांचं काम त्यांच्यावर. रोज संध्याकाळी या खोट्या मशीनांची आणखी खोटी प्रत काढून तो वेगळ्या कपाटात ठेवायचा. तो बॅकअप.

इथपर्यंत कुठल्याही कचेरीत होतं. गावसचं वेड याच्यापुढे सुरू व्हायचं. बॅकअप घेणाऱ्यांबद्दल त्याला काडीचा आदर नव्हता. कोणी सांगितलं की आम्ही रोज बॅकअप घेतो, की हा चष्मा कपाळावर सरकवून विचारणार, "घेतलो खरो. पण परत येता?" समोरचा गडबडला की गावस समाधानाने चष्मा खाली घ्यायचा. म्हणून दर शनिवारी जेवण झालं की तो एकेक खोटं मशीन प्रतीवरून पुन्हा उभं करायचा. चालू मशीनला धक्का न लावता, बाजूला, जगाशी संबंध तोडून. ते उठतं का पाहायचं, आतल्या चार गोष्टी ताडून बघायच्या, आणि परत पुसून टाकायचं. मढं उठवून, नाव विचारून, पुन्हा झोपवायचं, असं मी म्हणायचो. त्याला ते आवडत नसे.

या अकरांना त्याने गावांची नावं दिली होती. वजनकाटा आमोणे, कारण नदीकडचं वजन तिथेच व्हायचं. पगाराचं मशीन कोरगाव, कारण ते त्याचं स्वतःचं गाव आणि पगार गावी जायचा. प्रयोगशाळा होती केरी, पेडण्याच्या टोकाची, तेरेखोलजवळची. का विचारलं तर म्हणाला, खालच्या मजल्याचा शेवट प्रयोगशाळेने होतो आणि गोव्याचा केरीने. पुढे समुद्र. एकदा भर बसमध्ये तो मोबाइलवर ओरडत होता, "आमोणें पडलां, पण भियेव नाकात, अर्ध्या वरांत उठयतां." म्हणजे घाबरू नका, अर्ध्या तासात उठवतो. आमोण्याच्या दोन म्हाताऱ्या मागच्या बाकावर होत्या. त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेल्या.

घरातही तेच. त्याची आई कोरगावला असायची. तिच्या हातच्या, बांगडे आणि तिरफळं घातलेल्या आमटीवर याचा जीव. आईचं वय झालं तसं याने तिच्यासमोर बसून सगळ्या आमट्या वहीत उतरवून घेतल्या. इथे दुसरा कोणी थांबला असता. याने वही घेऊन स्वतः चूल पेटवली, वहीत लिहिलंय तेवढंच घालून आमटी केली आणि आईलाच वाढली. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, हें माझें न्हय. मग चौकशी. तिरफळं आधी ठेचायची हे सांगायचं ती विसरली होती, कारण जन्मभर हात ते आपसूक करत आलेला. वहीत दुरुस्ती झाली, पुन्हा चूल, पुन्हा घास. चौथ्या रविवारी आई काही बोलली नाही, फक्त दुसऱ्यांदा भात घेतला. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावस आजही ती आमटी करतो, आणि जेवताना एक शब्द बोलत नाही.

लग्न केलं नाही. मुली पाहिल्या होत्या म्हणे दोन-तीन. आम्ही त्याला चिडवायचो की तू मुलीला विचारलं असशील, माहेरी गेलीस तर परत येशील काय. तो हसायचा नाही, त्यामुळे खरंच विचारलं असावं असा माझा कयास आहे.

आणि मग सुनंदा पाटील आली. प्रयोगशाळेत मातीचे नमुने तपासून त्यात लोखंड किती ते सांगायचं काम. खानापूरकडची, मोठ्याने बोलणारी, कामाला चोख. पहिल्याच आठवड्यात तिने वर जाऊन गावसला सुनावलं की तुमच्या त्या कपाटावर माझा विश्वास नाही, मी आपले आकडे वहीतही लिहून ठेवणार. कचेरीला वाटलं, आता जुंपली. गावसला मात्र जन्मात पहिल्यांदा आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं होतं.

तेव्हापासून शनिवारी साडेतीनला ती दोन कप चहा आणि वही घेऊन थंड खोलीत जायची. गावस केरी उठवायचा. ती वहीतून वाचायची, "अठ्ठावन पूर्णांक चार." तो पडद्यावर पाहून म्हणायचा, "अठ्ठावन पूर्णांक चार." ती पुढचा आकडा. तो पुढचा आकडा. अर्धा तास हे चाले. मी एकदा दारापाशी उभा राहून ऐकलं. सांगतो तुम्हाला, लोखंडाची टक्केवारी इतक्या मऊ आवाजात सांगता येते हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं हे चाललं. कचेरीतल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना जे कळलं होतं, ते या दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही. मोबाइलचे नंबरसुद्धा मागितले नाहीत. आकडे जुळताहेत तर घाई कसली, असं काहीसं दोघांच्याही मनात असावं.

मग खाणी बंद झाल्या. त्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय, मी बोलत नाही. रस्त्यावरची लाल धूळ बसली, ट्रक अंगणात उभे राहिले, आणि आमच्या साठ माणसांच्या कचेरीत नऊ उरली. प्रयोगशाळा बंद करायचा हुकूम आला. सुनंदाचा शेवटचा दिवसही शनिवारच होता.

त्या दिवशी मी खाली सामानाची यादी करत होतो. टेबलं, फॅन, आणि सकाळीच काढून घेतलेले आतले फोन. गावसने चार वाजल्यापासून टपाल बंद करून ठेवलं, म्हणजे कंप्युटरवरून जाणारं-येणारं टपाल. प्रयोगशाळेची शेवटची पूर्ण प्रत काढायची होती आणि मधे काही हललेलं त्याला चालत नसे. प्रत काढून त्याने मूळ मशीन कायमचं बंद केलं, प्रतीवरून केरी उठवली आणि सुनंदाची वाट पाहत बसला. साडेचार झाले, पाच झाले. ती आली नाही. सात वाजता मी दिवे घालवायला वर गेलो तर हा पडद्यासमोर तसाच. "पाटीलबाय गेली?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कधीच गेली. तो इतकंच म्हणाला, "सांगून गेली आसती तर बरें जातें." तो पुन्हा त्या विषयावर कधी बोलला नाही. पण मी दिलेल्या यादीप्रमाणे गेलेल्या सगळ्यांची टपालाची खाती त्याने बंद केली, आणि एक केलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं.

त्यानंतर पाच वर्षं तो दर शनिवारी केरी उठवत राहिला. खड्ड्यांत पाणी साचू नये म्हणून चालणारे पंप आणि कोर्टाचे कागद, एवढंच काम कचेरीत उरलं होतं. प्रयोगशाळेत पाली राहत होत्या. मी एकदा सहज म्हटलं, गावस, केरी आता कोणाला पाहिजे? तो म्हणाला, "कोणाक नाका म्हण सोडून दिवपाची?" केरी उठली की तो आकड्यांचं पान उघडायचा आणि एकटाच वाचायचा. एक आकडा मोठ्याने, मग थांबायचा, मग पुढचा. बाकी कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या टपालात डोकावणं त्याच्या लेखी चोरी होती. मी प्रशासनात आयुष्य काढलेला माणूस, माझे नियम इतके कडक नाहीत.

मग तो शनिवार आला. सकाळी तीन सर्व्हरांतला एक बसला. कायमचाच. दोन मशीनं उरलेल्या भावांकडे गेलीच नाहीत, ती प्रतीवरून उठवावी लागली. गावस आठ वाजल्यापासून खुर्चीला चिकटलेला आणि मी त्याच्या डोक्यावर उभा. मुख्य कचेरीतून दर वीस मिनिटांनी मला फोन येत होता आणि दर वीस मिनिटांनी मी गावसला विचारत होतो, किती वेळ? साडेतीनला सगळं उठलं. दमून गेला होता. मी म्हटलं, चल आता, उंडे पाव आणि भाजी खाऊन येऊ. तो म्हणाला, केरी रावली. मी म्हटलं, आजचा दिवस राहू दे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. म्हणजे गप्प बसायला हवं होतं. प्रत्यक्षात मी मुख्य कचेरीच्या साहेबाची नक्कल करून दाखवत होतो. आणि माझ्या त्या बडबडीत गावसकडून आयुष्यातली पहिली चूक झाली. उठवलेल्या प्रतीचा जगाशी संबंध तोडायला एक बारीकशी खूण काढावी लागते. ती काढायची राहिली.

केरी उठली. पाच वर्षांनी तिला बाहेरची वाट मोकळी मिळाली, आणि तिच्या पेटीत जे अडून राहिलं होतं ते तिने पाठवून दिलं. गावसच्या टेबलावरच्या कंप्युटरवर नवीन पत्र आल्याची टिंग वाजली. त्याने वळून पाहिलं. पाठवणाऱ्याचं नाव सुनंदा पाटील. लिहिल्याची वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. लपवत नाही.

"गावस, आज वर यायला जमत नाही. साहेब सामान मोजून घेताहेत, फोनही काढून नेले. माझी साडेपाचची बेळगाव गाडी आहे. तुम्ही स्टँडवर या की. बोलायचं आहे. आकडे नाहीत. — सुनंदा."

गावसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार वाजले होते. तो उठला आणि टेबलाखाली पायाने वहाणा शोधायला लागला. एक सापडली, ती घातली. दुसरी शोधताना त्याचा पाय थांबला. मग तो हळूच परत खुर्चीवर बसला, एका पायात वहाण तशीच. मी खिडकी उघडली, मग एसी चालू आहे म्हणून पुन्हा लावली.

"पांच वर्सां माझ्याच कपाटांत होतें," तो म्हणाला. "दर शनिवारीं उठयतालों. आनी टपाल मियेंच बंद केल्लें."

मी म्हटलं, फोन मी काढून नेले होते. म्हटलं खरं, पण त्याने त्याचं काही हलकं झालं नाही आणि माझंही नाही. मला त्या क्षणी माझी सामानाची यादी आठवली. आठ फोन, चालू स्थितीत, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं.

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर गावसचा रजेचा अर्ज होता. आई गेली तेव्हाची रजा सोडली तर त्याचा हा पहिलाच. दिवस, चार. कारणाच्या रकान्यात त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एका पत्राचे उत्तर देणे राहिले आहे.' असलं कारण नियमात बसत नाही. मी मंजूर लिहून सही केली, जुन्या फायलीतून सुनंदाचा गावचा पत्ता काढून चिठ्ठीवर उतरवला आणि चिठ्ठी अर्जाला टाचणीने लावून परत दिली. तेही नियमात बसत नाही.

तो शनिवारी दुपारी आला. कचेरीत न येता स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावरून त्याने मला फोन केला. मी गेलो. दाढी केलेली, नवा शर्ट, त्याच्या घड्या अजून तशाच. चहा आला तसा तो आपणहून सांगायला लागला.

सुनंदाचं लग्न होऊन चार वर्षं झाली. नवरा तिथल्याच शाळेत मास्तर. दीड वर्षाची मुलगी. मास्तर भला माणूस, गोव्याहून पाहुणे आले म्हणून कोंबडी आणायला निघाला, याने गुरुवार आहे म्हणून थांबवलं. बोलता बोलता मास्तरने सांगितलं की मागल्या वर्षी कंप्युटर बिघडून मुलीचे सगळे फोटो गेले. आमच्या गावसचं ते दुखणं. तो दोन दिवस तिथे राहिला, तालुक्याला जाऊन डिस्क आणली, बॅकअप लावून दिला. पुसून पुन्हा आणून दाखवला. फोटो कसे ठेवायचे ते मास्तरकडून तीनदा म्हणवून घेतलं. हे सांगताना गावसला जरा हुरूप आला होता आणि मीही हसलो.

मी विचारलं, आणि पत्राचं?

निघायच्या दिवशी मास्तर दूध आणायला गेला तेव्हा त्याने सांगितलं. की पत्र मिळालं. गेल्या शनिवारी मिळालं. टपाल आपणच बंद केलं होतं आणि आपण वर सात वाजेपर्यंत बसून होतो. सुनंदा मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला यायचंच नव्हतं. हा म्हणाला, माका दिसलें तुका सांगपाचेंच नासलें. मुलीने याच्या खिशातलं पेन ओढून घेतलं, ते तिला दिलं.

स्टँडवर साखळीची बस लागत होती, कंडक्टर ओरडत होता. बस सुटेपर्यंत गावसने वाट पाहिली.

"मगीर मियें विचारलें," तो म्हणाला, "कितलो वेळ रावलीस म्हण."

"काय म्हणाली?"

"दोन गाडयो सोडल्यो म्हणाली. तिसरी शेवटची."